यमूच्या नावावर

१४ जून, शनिवार

रजेनंतर पुन्हा दहावी ब. केस बोटभर आलेत. मागच्या बाकावरून कोणीतरी "बाईंनी बॉयकट केला" म्हणालं, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डाव्या हाताने डस्टर अजून नीट उचलवत नाही. पहिलाच धडा आनुवंशिकता. अर्धं आईकडून, अर्धं वडिलांकडून, असं फळ्यावर लिहून मोकळी झाले.

मधल्या सुट्टीत कोल्हापूरहून डॉ. बाईंचा फोन. रक्ताचा रिपोर्ट आला. माझ्या एका जीनमध्ये बदल आहे, जन्मापासूनचा. गेल्या वर्षी डाव्या स्तनात कॅन्सर निघाला, त्याची मुळं तिथे. "वारशानं आलाय. आई किंवा वडील, दोघांपैकी एक."

नंतर आठवी अ, प्रकाशाचं परावर्तन. शिकवलं. कसं ते विचारू नये.

१५ जून, रविवार

शिरगावला गेले, आई-अण्णांना सांगायला. श्री. दुकान बंद ठेवून बरोबर आला. नवऱ्याने दुकान बंद ठेवलं म्हणजे आईच्या लेखी बातमी वाईटच, त्यामुळे मी तोंड उघडायच्या आधी तिचा पदर डोळ्याला.

"माझ्याकडचंच असणार हो ते." गेलं वर्षभर तिने मनाशी धरलंय की माझं दुखणं तिच्या माहेरचं. तिची एक मावशी म्हणे छातीत काहीतरी होऊन गेली होती.

अण्णांनी पेपर खाली केला नाही. कोर्टातून निवृत्त होऊन वीस वर्षं होत आली, पण घरात अजून पुरावा मागतात. "पुरावा काय? आणि आमच्या घराण्यात असलं काही नाही." हे दुसरं वाक्य ठणकावून. आई मान खाली घालून भाजी निवडत बसली. मला दोघांचा राग आला. तिचा जरा जास्त.

२१ जून, शनिवार

डॉ. बाईंनी सांगितलेली समुपदेशक व्हिडिओवर. माझ्या लेकीपेक्षा, ईशापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल, गोड मुलगी. ती आमच्या तीन पिढ्यांचं चित्र काढत होती. बायकांचे गोल, पुरुषांचे चौकोन. आईकडचे गोल भराभर सांगितले. मग म्हणाली, "वडिलांना बहिणी?"

"एक आत्या. बुरोंडीला असते. पण ती आमच्या घरातली नाही."

मुलगी थांबली. "सख्खी बहीण ना?"

"सख्खी."

"मग?"

मग काय सांगू? दिल्या घरची. आडनाव दुसरं, कुळ दुसरं, तिचं सुतकही आम्हाला तीन दिवसांचं. मागच्या वर्षी डॉ. बाईंनी विचारलं होतं, घरात आणखी कोणाला झालाय का. मी "कोणालाच नाही" म्हटलं, त्यात आत्या धरलीच नव्हती. लपवली नाही, डोक्यातच आली नाही. आणि मी, शाळेतली बाई, दरवर्षी मुलांकडून अर्धं-अर्धं घोकून घेते.

मुलीने आत्याचा गोल काढून आत प्रश्नचिन्ह घातलं. आई-अण्णा दोघांचं रक्त तपासायचं ठरलं. आई एका पायावर तयार. अण्णा "माझं कशाला?" यावर अडून बसले. श्री. शांतपणे म्हणाला, "पुराव्यासाठी." मग दिला हात.

१२ जुलै, शनिवार

आईचं रक्त स्वच्छ. बदल अण्णांकडून आलाय.

आईचा बांध फुटला. "ऐकलंत? लग्न झाल्यापासून ऐकत्ये, आमच्या घराण्यात असलं काही नाही, आमच्या घराण्यात तसलं काही नाही! वर्षभर मी देवापुढे नाक घासत्ये, माझ्या माहेराला बोल लावून घेत्ये..." अण्णांनी पेपर खाली ठेवला. दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून कुळथाच्या पिठीचा वास आला. अण्णांची आवडती. ताटात वाढताना तिने त्यांना लसणीच्या फोडणीसकट आधी वाढली, आणि विषय जो बंद केला तो केलाच.

अण्णांना वाटत होतं बायकांचा रोग पुरुषाच्या अंगात राहूच शकत नाही. समजावलं. पुरुषाला रोग न होताही हा बदल मुलीला देता येतो, मुलालाही. तुमचीही तपासणी करायला हवी. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. निघताना अंगणापुढच्या गडग्यापर्यंत पोचवायला आले, एरवी येत नाहीत.

"मी दिला तुला."

"नाकही तुम्हीच दिलंत अण्णा, त्याबद्दल कधी काही म्हणाला नाहीत."

हसले नाहीत. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. रिक्षावाल्याने आपण होऊन गाणं बंद केलं.

२६ जुलै, शनिवार

कोल्हापूर. आंबा घाटात धुकं एवढं की श्री. रांगत गाडी चालवत होता. तपासणी ठीक. काखेत काही नाही.

ठरवून गेले होते की यावेळी विचारायचंच. विचारलं. हा बदल अंगात असलेली बाई बाकीच्यांपेक्षा लवकर जाते का?

डॉ. बाई उडवाउडवी करत नाहीत, म्हणून आवडतात. म्हणाल्या, कॅन्सर होण्याचा धोका ही एक गोष्ट, आणि झाल्यावर माणूस किती जगतं ही दुसरी. पहिलीबद्दल आम्हाला बरंच कळतं. दुसरीबद्दल शोध चाललाय. वारशाने आलेल्या बारीकसारीक बदलांचा जगण्यावर थोडाफार परिणाम होत असेलही, पण गाठ किती मोठी होती, कुठवर पसरली, औषध लागू पडलं का, याचं वजन जास्त. तुमच्यासारखाच बदल असलेल्या बायका नीट उपचार झाले तर इतरांसारख्याच जगताना दिसतात. आणि गरज पडलीच तर या बदलावर चालणारं वेगळं औषधही आहे. "पण तुमचं म्हणाल तर मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही."

अंडाशय काढून टाकायचा सल्ला दिलाय, तिथेही याच बदलामुळे धोका असतो. दिवाळीनंतर करू म्हटलं.

घाट उतरताना डोक्यात एकच. मला आकडे नकोत. हा बदल अंगात घेऊन म्हातारी झालेली एक बाई दाखवा. दात पडलेली, सुनेला बोलणारी, एवढी एक.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळी अण्णांचा फोन. अण्णा स्वतः कधी फोन लावत नाहीत, आईने लावून दिल्यावर बोलतात. प्रस्तावना नाही, काही नाही. "यमूची गाठ काढली होती मुंबईला. दुधाची गाठ, असं तेव्हा मला एकट्याला कळवलं होतं तिच्या यजमानांनी."

यमू म्हणजे बुरोंडीची आत्या. माहेरची यमुना. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहिलं सुनंदा, तेव्हापासून सुनंदा. यमू म्हणणारे आता अण्णा आणि आई, दोघंच. मला ती लहानपणी दोनचारदा पाहिलेली आठवते. मग ती येईनाशी झाली.

आईला विचारलं, यायची का थांबली ग ती? आईची जखम अजून ओली. "आमचं तेल नको झालं वन्संना." आधी म्हणे दिवाळीला आत्या येऊन राहायची. पहाटे दोघी नणंद-भावजया एकमेकींच्या पाठीला तेल लावायच्या, उटणं चोळायच्या, हसून हसून घर डोक्यावर घ्यायच्या. एका वर्षी आली नाही. पुढच्या वर्षी आली ती भाऊबीजेला भरदुपारी, ओवाळून चहा पिऊन संध्याकाळच्या गाडीने परत. नंतर तेही नाही. "बोटीवरच्या नवऱ्याचा पैसा आला ना घरात. मग भावजयीचा हात खरखरीत लागणारच."

माझ्या मात्र लक्षात यायला लागलं होतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

काल्याची सुट्टी. श्री.ला घेऊन बुरोंडी. वाटेत सावर्ड्याला सुजाताकडे थांबलो. आत्याची एकुलती एक. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी, बोलायला तिखट. चहाबरोबरच बजावलं, "आईला काही विचारू नकोस हां. प्राचीचं बघतोय आम्ही. चिपळूणचं स्थळ आहे, बोलणी पुढे गेल्येत." प्राची तिची मुलगी, पोहे देऊन आत गेली. मी म्हटलं, नुसतं भेटायला चाललेय. खोटं.

आत्या दारातच उभी. काठी, पांढरे केस, नाक आमचंच. "नीलू ना गो तू? ये. अण्णाचीच चाल." श्री.ला ओटीवर पेपर आणि भाकरीएवढ्या जाड आंबोळ्या देऊन बसवलं आणि मला माजघरात घेतलं.

मी हळूच म्हटलं, आत्या, अण्णा म्हणत होते तुमची दुधाची गाठ...

"दुधाची कसली गो? सुजा बारा वर्षांची होती तेव्हा. दूध कुठलं असायला?"

आणि मग सांगितलं, कुळीथ निवडावेत तसं सावकाश. गाठ तिलाच लागली हाताला. आतोबा बोटीवर. ते रजेवर आल्यावर सांगितलं, दोघं मुंबईला गेली, सासू-सासऱ्यांना सांगितलं की कागदपत्रांचं काम आहे. इस्पितळात नाव विचारल्यावर आतोबांनी तिचं माहेरचं नाव सांगितलं. यमुना, आणि पुढे आमचं आडनाव. "सासरच्या नावाला आजार लागायला नको, सुजाचं व्हायचंय, असं म्हणाले. मला पटलं. ऑपरेशन यमूचं झालं, किरणांचा शेक यमूला दिला. मी तिला तिकडेच ठेवून आल्ये. घरी आली ती सुनंदा. सुनंदाला काही झालेलं नाही."

हे म्हणून हसली. बोळक्या तोंडाने, खरंच हसली. आणि मला तीच बाई दिसली, जी मी घाटात मागितली होती.

मी म्हटलं, म्हणून माहेरी यायच्या बंद झालात?

"तुझी आई पाठीला तेल लावत्ये म्हणजे पोलकं काढायला हवं. काय सांगणार होत्ये तिला?" जरा थांबून, "आणि ती यमूच म्हणायची ना गो मला."

मग म्हणाली, "दाखव बघू तुझं." दार लोटून घेतलं. मी दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं, बोट फिरवलं, "आता बरं शिवतात," म्हणाली, आणि स्वतःच्या पोलक्याचे हूक काढले. तिचं तेव्हाचं. छातीचा स्नायूही काढायचे त्या काळात, कातडीखाली नुसत्या बरगड्या. मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. पस्तिशीत कापलेली बाई समोर बसून सुपारी कातरतेय, आणि आतल्या आत मी नाचतेय.

जीनचं सांगितलं. अण्णांचं सांगितलं. "म्हणजे आमच्याच घरातलं ते? माझ्या माहेरचंच?" हे तिला फारच मजेशीर वाटलं. "बघ. नाव बरोबरच दिलं होतं आम्ही."

रक्त द्याल का विचारलं तर चेहरा मिटला. "नको गो. प्राचीचं होऊ दे आधी."

२४ ऑगस्ट, रविवार

सुजाताचा फोन. आत्याने तिला सगळं सांगून टाकलंय. इतकी वर्षं पोटच्या मुलीला सांगितलं नाही ते. सुजाताने मला धुवून काढलं. "तुझं झालं ते झालं. आमच्या घरात कशाला आणत्येस? स्थळवाल्यांना कळलं तर?" मी म्हटलं, मी आणत नाही ग, असलं तर आहेच. "असलं तर असू दे ना मग! चाळीस वर्षं होतंच ना?" ठेवला फोन.

तिचं सगळंच चूक म्हणता येत नाही. ईशाचं लग्न ठरत असतं तर मी शहाणपणा केला असता का, देव जाणे.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी-गणपती गेले. घर रिकामं वाटतंय. संध्याकाळी आत्याचा फोन.

"रक्त देत्ये मी. कुठे द्यायचं ते सांग."

मी थक्क. प्राचीचं ठरलं का विचारलं. नाही, चाललंय अजून. "ऐक. मी लपवलं, सुजाचं लग्न झालं. चांगलं झालं. पण लपवलं म्हणून तिला एकदाही सांगता आलं नाही गो, की बाई, स्वतःला चाचपून बघत जा. दर वेळी ती अंग धुऊन आली की माझी नजर जायची, आणि तोंड बंद. काय सांगू, कोणाला झालेलं म्हणून सांगू? यमूला? आता सुजा तेच करायला निघाल्ये प्राचीचं. ते नको."

मी म्हटलं, सुजाता रागावेल. "रागावू दे. आईवर रागवायचं नाही तर कोणावर?"

१३ सप्टेंबर, शनिवार

दापोलीला आत्याचं रक्त घेतलं. मी आणि श्री. गेलो होतो. समुपदेशक मुलगी आधी तिच्याशी फोनवर अर्धा तास बोलली. आत्याने तिला लग्न झालंय का, पगार किती, असं सगळं विचारून घेतलं.

फॉर्म भरताना गंमत. आत्या म्हणाली, "यमुना लिहा." खिडकीतल्या मुलाने आधार मागितलं. "आजी, आधारवर सुनंदा आहे."

"पण आजार यमुनाचा आहे."

"तसं चालत नाही आजी. आधारवर असेल तेच."

आत्या बराच वेळ त्या कार्डाकडे बघत होती. मला वाटलं उठणार आता. मग माझ्याकडे वळली. "म्हणजे आता सुनंदाला झाला म्हणायचा." आणि सही केली. सु सावकाश काढला, मग पुरी केली.

गाडीत बसल्यावर दोन भजी खाल्ली आणि झोपली.

२८ सप्टेंबर, रविवार

लिहू की नको असं चाललंय आठवडाभर. लिहितेच.

आत्याच्या रक्तात बदल निघाला, तर ती मी मागितलेली बाई. तो अंगात घेऊनही कॅन्सरनंतर चाळीस वर्षं जगलेली. माझ्याच घरातली, माझ्याच नाकाची. आणि नाही निघाला, तर तिचा कॅन्सर निराळा, तिचं जगणं निराळं, त्यावरून माझं काही कळायचं नाही.

म्हणून मला तो निघायला हवाय. रोज सकाळी उठल्यावर पहिली इच्छा तीच. म्हणजे काय मागतेय मी? सुजाताला निम्मी शक्यता. तिच्याकडे असला तर प्राचीलाही निम्मी. त्या दोघींच्या अंगात तो शिरावा असं मला वाटतंय, कशासाठी, तर मला रात्री झोप लागावी म्हणून.

काल श्री.ला सांगितलं. म्हणाला, "तुझ्या वाटण्यानं रिपोर्ट बदलणार आहे का?" बरोबर आहे. पण मला लाज वाटते त्याचं काय.

ईशाचा पुण्याहून फोन. तिला जूनमध्येच सांगितलंय सगळं. आज आपण होऊन म्हणाली, "आई, मला आत्ताच तपासून नाही घ्यायचंय. पंचविशीच्या आसपास बघते. तू रागावणार नाहीस ना?" डॉ. बाईंनीही घाई नाही असंच सांगितलंय. "नाही ग," म्हटलं. फोन ठेवून गच्चीवर गेले, वाळत घातलेले कपडे उगाच उलटेपालटे केले. माझ्याकडून तिलाही निम्मी. अण्णा गडग्यापाशी का हसले नाहीत ते आत्ता कळलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

समुपदेशक मुलीचा मेसेज. "आजींचा रिपोर्ट आला. मी त्यांना फोनवर सविस्तर सांगितलंय. नियमाप्रमाणे मला तो तुम्हाला सांगता येणार नाही. त्या स्वतः सांगतील." शेवटी हात जोडलेले.

म्हणजे आत्याला कळलंय. दुपारपर्यंत वाट पाहिली. मग मीच फोन केला.

"हो, बोलली ती पोरगी. गोड बोलत्ये."

मग?

"दिवाळीला या. सगळी या. अण्णाला घेऊन ये, किती वर्षं झाली भाऊबीज होऊन. आणि तुझ्या आईला सांग, तेल घेऊन ये म्हणावं."

आत्या, पण रिपोर्ट...

"फोनवर नाही सांगत मी. सुजा नि प्राचीला पण बोलावलंय. सगळ्यांना एकदम." आवाजावरून काही कळेना. मी फोनचा आवाज मोठा करून ऐकत होते, जणू त्याने कळलं असतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

शिरगावला जाऊन आईला सांगितलं. आत्या यायची का थांबली ते. तेलाचं, पोलक्याचं, सगळं.

आईने निवडायला घेतलेली भाजी बाजूला सारली. "मी तिला काय काय बोलल्ये ग. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्ये, नणंद गर्विष्ठ म्हणून." मग एकदम उठली, कपाटातून रिकामी बाटली काढली, उन्हात ठेवली. "घाणीवरचं आणायला हवं. ते दुकानातलं नको तिला."

अण्णा ऐकत होते. संध्याकाळी एकटेच बाजारात गेले आणि साडी घेऊन आले. हिरवी. आईच्या साड्यासुद्धा त्यांनी आजवर कधी एकट्याने आणल्या नाहीत. रंग आईला पसंत नाही, पण बोलली नाही, हे विशेष.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

आई-अण्णा, श्री., मी, ईशा. किनाऱ्याच्या रस्त्याने यायचं अण्णांनीच ठरवलं. जयगडला गाडी फेरीबोटीत चढवली, पलीकडे तवसाळ. पुढे गुहागर, अंजनवेलच्या फाट्यावर चहा, धोपाव्याला पुन्हा फेरी. आईला बोट लागते म्हणून ती दोन्ही वेळा गाडीतच डोळे मिटून, तेलाची बाटली मांडीवर घट्ट. अण्णा मात्र कठड्याला धरून उभे. ईशाला सांगत होते, यमूच्या लग्नाचं वऱ्हाड शिडाच्या होडीने आलं होतं इथे, आणि यमू अर्ध्या खाडीत उठून उभी राहिली होती, सगळे ओरडले. मी हे आधी कधी ऐकलेलं नाही.

बुरोंडीला पोचलो तर आत्या दारात. भाऊ-बहीण एकमेकांकडे बघत राहिली. अण्णा म्हणाले, "दात कुठे गेले तुझे?" आत्या म्हणाली, "तुझे केस गेले तिथेच."

सुजाता आणि प्राची आधीच आल्या होत्या. सुजाता माझ्याशी बोलली नाही, पण पाण्याचा तांब्या माझ्यापुढेच आणून ठेवला. चिपळूणच्या स्थळाचं काय झालं ते मी विचारलं नाही. रिपोर्टचं कोणीच काढलं नाही. सगळ्यांनी फराळावर बोलून घेतलं, चकली मऊ आहे की कुरकुरीत यावर अर्धा तास.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

पहाटे उठले तर आई चुलीशी. तेल कोमट करत होती. आत्याकडे गॅस आहे, पण न्हाणीघराबाहेरची चूलच हवी म्हणाली. पुरुष मंडळी ओटीवर. न्हाणीघरात पाट मांडलेला, बाजूला उटणं, पायाखाली फोडायला ईशाने कुठूनतरी कारेटंही आणलेलं, चतुर्दशीचं राहिलं म्हणून.

आत्या आली. मागे सुजाता, प्राची. मला वाटलं त्यांना बाहेर थांबायला सांगेल. "या गो आत, दार लावा. थंडी येत्ये." प्राची संकोचून कोपऱ्यात. ईशाने तिचा हात धरला.

मी आत्याच्या तोंडाकडे बघत होते. रिपोर्ट तिथे कुठे दिसतोय का ते. तिला कळलं. "तेल लागल्यावर सांगत्ये," म्हणाली. "आधी तेल."

आणि मला काय हवंय ते मी मनात आणून बघितलं. निघावा की न निघावा. दोन्हीकडून ओढत होतं, सारखंच. सुजाताने आपला हात गळ्याशी घट्ट धरला होता, पदरासकट. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ती सरकली नाही.

आई वाटी घेऊन पाटामागे बसली. थोडं तेल तिच्याच लुगड्यावर सांडलं. इतक्या वर्षांनी जुनंच बोलली.

"या, यमूवन्सं. बसा."

आत्याने काठी भिंतीला टेकवली. मग "आल्ये," म्हणाली, पाटावर बसली, आणि आम्हा सगळ्यांसमोर पोलक्याचा पहिला हूक काढला.